पोकळ धमकी

उज्ज्वला ठाण्यात आली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. बियाण्यांच्या कारखान्यातला निळा कोट तिच्या अंगावर तसाच होता. पॅकिंगची पाळी अर्धी टाकून ती आली होती. तिची थोरली बहीण, हवालदार मंदाकिनी तौर, यंत्राच्या खोलीत एकटीच बसली होती. उज्ज्वलानं फोन तिच्यापुढं ठेवला.

"अक्का, हे ऐक. आणि तुझ्या यंत्रालाही ऐकव."

फोनमधून उज्ज्वलाच्या नवऱ्याचा आवाज आला. सुदाम भुतेकर जालन्यातल्या एका सळयांच्या कारखान्यात भट्टीवर मुकादम होता. त्याचा आवाज शांत होता, जवळजवळ मायेचा.

"उज्ज्वला, तुला माहेरी जाऊन पंधरा दिवस झाले. सोमवारपर्यंत घरी ये. नाही आलीस तर मी तिथं येऊन तुझे दोन्ही हात तोडीन. मग पॅकिंगला कशी जातीस ते बघू. जेवलीस का?"

मंदाकिनीनं ते बोलणं यंत्रात घेतलं. तुलनेसाठी सुदामच्या रोजच्या बोलण्याचा नमुना लागत होता, तोही उज्ज्वलाच्या फोनमध्ये सापडला. मिनिटभरानं पडद्यावर आकडा आला. नऊ.

"शंभरपैकी?" उज्ज्वलानं विचारलं.

"शंभरपैकी."

हिंसक धमकी प्रतिबंध अधिनियम राज्यात लागू होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्याआधी फोनवरून येणाऱ्या धमक्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. डॉक्टर, मास्तर, कंत्राटदार, लग्नाला नकार देणाऱ्या मुली, कुणीच त्यातून सुटलं नव्हतं. खटले उभे राहायचे आणि एकाच प्रश्नापाशी अडकायचे. बोलणारा खरंच तसं करणार होता, की रागाच्या भरात बोलून गेला? कुणाच्या मनात शिरून बघता येत नाही, म्हणून आरोपी सुटायचे.

मग स्वरमापक आला. त्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. माणूस एखादी गोष्ट करायला निघतो तेव्हा हातपाय हलायच्या आधीच त्याचं शरीर तयारीला लागतं. श्वास आखडतो, छातीचे ठोके वाढतात, गळ्यातले बारीक स्नायू ताणले जातात आणि आवाजात एक कंप उतरतो. कानाला तो कळत नाही, पण मोजता येतो. संशोधकांनी चाळीस हजार धमक्यांची ध्वनिमुद्रणं जमवली, त्यातल्या कुठल्या पुढं खऱ्या झाल्या ते पोलीस दप्तरांतून शोधून काढलं आणि खऱ्या-खोट्यातला फरक यंत्राला शिकवला.

कायद्यानं आकड्यांना अर्थ दिला. सत्तरच्या वर ती खरी धमकी. गुन्हा आपोआप दाखल, जामीन नाही, सात वर्षांपर्यंत कैद. तीसच्या खाली ती पोकळ धमकी. पोलिसांनी तक्रार घ्यायची नाही, उलट ज्याच्यावर आरोप झाला त्याला तसा दाखला द्यायचा, म्हणजे उगाच कुणी त्याला छळणार नाही. मधल्या आकड्यांचं काय करायचं ते अधिकाऱ्यानं ठरवायचं.

मंदाकिनी चार वर्षं त्या यंत्रावर होती. हजाराच्या वर आवाज तिनं तपासले होते आणि सत्तरेक माणसं तिच्या आकड्यांवर तुरुंगात गेली होती. तिचा यंत्रावर विश्वास होता. शहर खरोखरच निवळलं होतं. बाजारात भांडण पेटलं की कुणीतरी खिशातला फोन काढून नुसता वर धरायचं, आणि भांडणारे दोघंही ओठ मिटून घ्यायचे.

"नऊवर तक्रार घेता येत नाही," ती बहिणीला म्हणाली.

उज्ज्वलानं कोटाची डावी बाही वर केली. मनगटाजवळ हाड वाकडं जुळलेलं होतं. "हा मोडला तेव्हाही तो ओरडला नव्हता. दार लावलं, टीव्हीचा आवाज वाढवला आणि मोडला. तुमच्या यंत्राला ओरडणारी माणसं कळतात. त्याला ओरडायची गरजच पडत नाही."

मंदाकिनीनं तिची बाही हळूच खाली केली.

"तूच एकदा सांगितलं होतंस, रोजच्या बोलण्याचा नमुना बदलला की आकडा बदलतो. झोपेतून उठल्यावरचा त्याचा सैल आवाज आहे माझ्याकडं. तो लाव."

ते खरं होतं. तो नमुना लावला असता तर नऊचे सहज पंच्याहत्तर झाले असते, आणि तासाभरात सुदाम कोठडीत असता. मंदाकिनीचा हात यंत्रापर्यंत गेला आणि परत आला.

"आज तुझ्यासाठी फिरवला तर उद्या कुणीही कुणासाठीही फिरवायला सांगेल, उज्ज्वला. मी लोकांना आत टाकलंय याच्यावर."

"म्हणजे नाही."

"मी साहेबांशी बोलते."

पोलीस निरीक्षक सोनटक्के वाईट माणूस नव्हते. त्यांनी आकडा बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीसच्या खाली मी गुन्हा घेतला तर माझ्यावरच कारवाई होते, तौर. फार तर त्याला बोलावून समज देतो."

त्या दुपारी सुदाम ठाण्यात आला. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस. त्यानं सोनटक्क्यांना नमस्कार केला, मंदाकिनीलाही केला. नवरा-बायकोत शब्दानं शब्द वाढतो, साहेब, असं म्हणाला. कायद्याप्रमाणं सोनटक्क्यांना त्याला दाखला द्यावा लागला. सुदामनं तो दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला.

"म्हणजे सरकारच म्हणतंय, मी काही करणार नाही," तो मंदाकिनीला म्हणाला. "तुमच्या बहिणीला सांगा तेवढं."

सोमवार गेला. मंगळवारी दुपारी सव्वाबाराला मंदाकिनी धान्याच्या मोंढ्यात बंदोबस्तावर असताना आईच्या शेजारणीचा फोन आला. शेजारीण काही सांगत नव्हती, फक्त "या, या" म्हणत होती. तिच्यामागून एक आवाज येत होता, ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा.

मंदाकिनी सहा मिनिटांत पोहोचली. गल्लीत माणसं उभी होती, पण कुणी आत गेलं नव्हतं. दार उघडं होतं. आई मोरीपाशी आडवी पडली होती आणि तिच्या पांढऱ्या केसांतून रक्त मोरीकडे वाहत होतं. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर सुदाम गुडघे टेकून बसला होता. त्याचा एक गुडघा उज्ज्वलाच्या पाठीवर होता. तिचा उजवा हात त्यानं उंबऱ्यावर ठेवून सळईनं मोडला होता. कोपरापासून खाली तो हात हातासारखा राहिला नव्हता. आता त्यानं डावा हात ओढून उंबऱ्यावर घेतला होता. तो घाईत नव्हता, चिडलेलाही नव्हता. भट्टीवर एखादं ठरलेलं काम उरकावं तसा तो मन लावून करत होता.

मंदाकिनीनं काठी त्याच्या कानशिलावर मारली. तो कलंडला, पण सळई सोडली नाही. आडवा असतानाच त्यानं ती फिरवली. मंदाकिनीच्या नडगीवर फटका बसला आणि ती त्याच्या अंगावर कोसळली. दोघं फरशीवर लोळले. तिनं त्याच्या मनगटाला दात रुतवले, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. सळई सुटली. ती तिनं उचलली आणि उठू बघणाऱ्या सुदामच्या गुडघ्यावर घातली. वाटी फुटल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. सुदाम उताणा पडला. ती त्याच्या छातीवर बसली आणि सळई आडवी धरून त्याच्या गळ्यावर दाबली.

"सोडा अक्का," तो घुसमटत म्हणाला. "माझं झालंय काम."

"मी तुला मारणार आहे, सुदाम," मंदाकिनी म्हणाली. "आत्ता, इथंच, जिवे मारणार आहे."

तिनं सगळा भार सळईवर टाकला. त्याचे डोळे वर गेले, टाचा फरशीवर आपटू लागल्या. आपण हे किती वेळ केलं, ते तिला नंतर सांगता आलं नाही. तिच्या छातीवरच्या कॅमेऱ्यानं सांगितलं. अकरा सेकंद.

"अक्का." उज्ज्वलाचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आईला बघ आधी."

मंदाकिनीनं सळई उचलली. सुदाम खोकू लागला. त्याला तसाच टाकून ती मोरीकडे गेली आणि आईचं डोकं मांडीवर घेतलं. आईचा श्वास चालू होता, पण नाकातून फेस येत होता.

आई तिसऱ्या दिवशी गेली. उज्ज्वलाचा डावा हात डॉक्टरांनी वाचवला. उजव्यात त्यांनी पट्ट्या आणि स्क्रू घातले, पण बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. ती मूठ पुन्हा मिटणार नव्हती.

आईला अग्नी देऊन मंदाकिनी घरी आली तेव्हा सोनटक्के अंगणात उभे होते. टोपी हातात होती.

"कॅमेऱ्यातला आवाज आपोआप वरच्या यंत्रात जातो, तौर. तुम्हाला माहीतच आहे."

"किती आला?"

"चौऱ्याण्णव."

"मग गुन्हा नोंदला गेला असेल."

"मी हातही लावला नाही. नोंद झाल्यावर मला कळलं. वर्दीतल्या माणसाला तर आणखी कडक आहे." त्यांनी दाराकडे हात केला. "आंघोळ करून घ्या. मी थांबतो."

खटला सहा महिन्यांनी उभा राहिला. मंदाकिनीचं वकीलपत्र ॲडव्होकेट रिझवाना पटेल यांनी घेतलं. बाई पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक. तुरुंगातल्या भेटीत त्यांनी कागद पसरले.

"सोपी केस आहे, मंदाताई. यंत्राला तुमच्या रोजच्या आवाजाचा जो नमुना लावला, तो तीन वर्षांपूर्वीचा आहे. मध्ये तुमच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. म्हणजे आकडा विश्वासार्ह नाही. तुम्ही पिंजऱ्यात उभं राहून एवढंच म्हणायचं, की त्याला घाबरवण्यासाठी बोलले, मारायचं मनात नव्हतं. कोणता न्यायाधीश तुम्हाला शिक्षा देईल?"

"आणि सुदामचं काय चाललंय?"

रिझवानांनी चष्म्यावरून बघितलं. "त्याच्या वकिलानं तो दाखला कोर्टात दिलाय. म्हणतो, सरकारी यंत्रानं सांगितलंय की हल्ल्याचा इरादा नव्हता. तिथं गेल्यावर भांडण झालं, सासू मध्ये पडली, चुकून लागलं. खून नाही, सदोष मनुष्यवध. असं टिकलं तर आठ-दहा वर्षांत बाहेर. म्हणून तर म्हणते, यंत्र चुकतं असं तुम्ही, स्वतः यंत्र चालवणाऱ्या बाईनं, कोर्टात म्हणा. तुम्ही सुटाल आणि त्याचा दाखलाही रद्दी होईल."

मंदाकिनी त्या रात्री आणि पुढच्या बऱ्याच रात्री विचार करत राहिली. दोन्ही गोष्टी साधणार होत्या आणि त्यासाठी फक्त एक वाक्य खोटं बोलायचं होतं. तिनं ते वाक्य मनात कितीतरी वेळा म्हणून बघितलं. दरवेळी तिला हाताखालची सळई आठवायची.

पिंजऱ्यात ती उभी राहिली तेव्हा उज्ज्वला पहिल्या बाकावर होती. उजवा हात ओढणीत बांधलेला. रिझवानांनी ठरल्याप्रमाणं विचारलं, "सुदाम भुतेकरला मारायचं तुमच्या मनात होतं का?"

"होतं," मंदाकिनी म्हणाली.

रिझवानांच्या हातातला कागद तसाच राहिला. न्यायाधीशांनी मान वर केली. "प्रश्न समजला का तुम्हाला?"

"समजला, साहेब. त्या अकरा सेकंदांत मी त्याला मारतच होते. बहिणीनं हाक मारली नसती तर तो मेला असता. माझ्याबाबत यंत्र बरोबर आहे."

"म्हणजे यंत्र अचूक आहे, असं तुमचं म्हणणं?"

"नाही. मी चार वर्षं ते चालवलंय. ते मनातला इरादा मोजत नाही, अंगाची तयारी मोजतं. मी आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं, म्हणून माझं सगळं अंग पेटून उठलं आणि चौऱ्याण्णव आले. सुदाम भुतेकरनं माझ्या बहिणीला सात वर्षं मारलं. जी गोष्ट माणूस रोज करतो, तिच्यासाठी अंगाला तयारी लागत नाही. चहा ओतताना कुणाचा आवाज कापतो का? म्हणून त्याचे नऊ आले. ज्या चाळीस हजार आवाजांवरून यंत्र शिकलं, ते तक्रार झालेल्यांचे आवाज होते. घरात दार लावून शांतपणे बोलणाऱ्यांची तक्रार कधी झालीच नव्हती. मग त्यांचा आवाज यंत्राला कुठून माहीत असणार?"

ती थांबली. मग म्हणाली, "हे मला माझ्या बहिणीनं आधीच सांगितलं होतं. मी तिच्यापेक्षा आकड्यावर जास्त विश्वास ठेवला."

निकालाला पंधरा दिवस लागले. न्यायाधीशांनी लिहिलं की या आरोपीनं स्वतःचं नुकसान करून घेऊन जे सांगितलं, त्यावर विश्वास न ठेवण्याचं कारण नाही. कमी आकडा म्हणजे निर्दोष इरादा, असं यापुढं धरता येणार नाही. तेच निकालपत्र पुढं सुदामच्या खटल्यात वाचलं गेलं, त्याचा दाखला बाजूला पडला आणि त्याला जन्मठेप झाली. पण चौऱ्याण्णव आकडा आणि आरोपीची कबुली या दोन गोष्टींपुढं मंदाकिनीच्या बाबतीत न्यायाधीशांचे हात कायद्यानं बांधलेले होते. कमीत कमी जी शिक्षा देता येत होती ती त्यांनी दिली. तीन वर्षं.

गाडीत बसवायच्या आधी शिपायांनी बहिणींना पाच मिनिटं दिली. उज्ज्वला रडली नाही.

"माझ्यासाठी आकडा फिरवला नाहीस," ती म्हणाली. "स्वतःसाठी शब्दही फिरवला नाहीस. आई गेली, तू चाललीस. मला अजून डाव्या हातानं भाकरी मोडता येत नाही, अक्का. मी काय करू तुझ्या खरेपणाचं?"

मंदाकिनीनं बहिणीची ओढणी नीट केली, गाठ पुन्हा बांधली आणि गाडीत जाऊन बसली.

शिक्षा झालेल्या बायकांच्या कारागृहात तिला ओळखायला लोकांना एक दिवससुद्धा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर रांगेत असताना मागून कुणीतरी तिच्या डोक्यात भरलेली बादली घातली. ती खाली पडली. पडल्यावर बादलीचा काठ तोंडावर बसला, पुन्हा बसला. खालचा ओठ फाटला, एक दात निसटला. मारणारी पंचावन्नच्या पुढची, काटक बाई होती. मारताना तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

तुरुंग अधिकारी बाईंनी दवाखान्यात येऊन विचारलं, "तक्रार द्यायची आहे? गयाबाई खरात. भाजी विकायची. शेजाऱ्यानं नाली हिच्या दारात काढली म्हणून विळा घेऊन ओरडली होती. चौऱ्याऐंशी आले, चार वर्षं लागली. यंत्रावर तुम्ही होतात."

मंदाकिनीला ती आठवत नव्हती. तिनं आठवायचा प्रयत्न केला. हजार आवाजांतला एक आवाज, एक आकडा, खाली स्वतःची सही. चेहरा तिनं कधी बघितलाच नव्हता.

"तक्रार नाही द्यायची," ती म्हणाली. ओठाला टाके होते, शब्द नीट फुटत नव्हते.

दोन महिन्यांनी उच्च न्यायालयानं त्या निकालपत्राच्या आधारे एक दार किलकिलं केलं. फक्त आकड्यावर शिक्षा झालेल्यांनी फेरतपासणीचा अर्ज करावा, त्यात घटनेची हकीकत स्वतःच्या शब्दांत लिहावी. बराकीतल्या निम्म्याहून जास्त बायकांना अर्ज लिहिता येत नव्हता. मंदाकिनीनं अधिकारी बाईंकडून कागद मागून घेतले आणि दुपारच्या सुटीत कडुलिंबाखाली बसून लिहायला सुरुवात केली. आधी कुणी आलं नाही. मग एक आली, मग तिघी आल्या. कुणी सासऱ्याला जाळीन म्हणाली होती, कुणी सावकाराला दगडानं ठेचीन म्हणाली होती. मंदाकिनी सगळं ऐकायची. एकेकीचा चेहरा बघत, मध्ये न बोलता ऐकायची आणि लिहायची.

सोळाव्या दिवशी गयाबाई समोर येऊन बसली. तिची नजर मंदाकिनीच्या ओठावरच्या वणावर होती.

"सांग," मंदाकिनी म्हणाली.

"काय सांगू? मी म्हणले होते, तुला उभा चिरीन. विळा हातातच होता."

मंदाकिनीनं लिहिलं.

"तू बहिणीच्या नवऱ्याला खरंच मारणार होतीस? का कोर्टात आपलं मोठेपणासाठी म्हणलीस?"

"खरंच मारणार होते."

"मी पण," गयाबाई म्हणाली. "खोटं कशाला बोलू. चिरलाच असता त्याला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग त्याची नात दारात आली, शाळेतून. मी विळा टोपलीत टाकला आणि बाजाराला गेले. दिवसभर मेथी विकली. संध्याकाळी पोलीस आले."

मंदाकिनीचं पेन थांबलं होतं.

"नाही चिरला मी त्याला," गयाबाई म्हणाली. "हे कुणी विचारलंच नाही मला. तेवढं लिही."

मंदाकिनीनं नवीन ओळ सुरू केली आणि लिहिलं.